एकच नस

"देवराव, मागचे पाय! सैल पडलेत तुमचे मागचे पाय."

माझे नव्हेत हो, लोको नावाच्या कुत्र्याचे. पण आमच्या डॉक्टर आरती मॅडमची बोलायची तऱ्हाच तशी आहे. टेबलावर जनावर आलं की त्यांच्या लेखी ते आणि मी मिळून एकच प्राणी. मी लोकोचे मागचे पाय पुन्हा मुठीत घेतले, कोपर त्याच्या मानेवर अलगद टेकवलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "झालं रे लेका, झालं."

झालं काहीच नव्हतं. आत्ता कुठं सुरू होत होतं.

फोमच्या दोन उशांच्या खाचेत लोको डाव्या कुशीवर पडला होता. उजव्या बाजूचे केस सकाळी मीच मशीननं काढले होते. बरगड्या बाहेरून मोजून घ्या अशा, आणि पोट मात्र टम्म. पोटात पाणी झालं होतं. मॅडमनी त्यावर जेल ओतलं तसा तो शहारला, पण ओरडला नाही. ओरडण्याइतकं त्राण होतं कुठं त्याच्यात? खिडक्यांना काळे पडदे, आणि भर दुपारी बारा वाजता त्या खोलीत उजेड होता तो फक्त सोनोग्राफीच्या पडद्याचा.

मी अकोल्याच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात परिचर आहे. एकतीस वर्षं झाली. डॉक्टर बघतात, शिकणारी पोरं वहीत लिहून घेतात आणि मी धरतो. कुत्री धरली, बोकड धरले, कालवडी धरल्या, एकदा हरणाचं पाडस धरलं. धरणं म्हणजे दाबणं नव्हे, हे नव्या पोरांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. जनावराला तुमच्या हाताची भीती वाटली की त्याचा श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की पडद्यावरचं चित्र हलतं. माझ्या हाताखाली चित्र हलत नाही. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण इतकी वर्षं तो पडदा बघून बघून लिव्हर कुठं, मूत्रपिंड कुठं, हे मला घरातल्या डब्यांसारखं पाठ झालंय. लोकांना वाटतं, शिपाई उभा आहे. शिपाई सगळं बघत असतो.

पंजाबभाऊ भिंतीला टेकून उभे होते. गळ्यातला दुपट्टा काढून त्यांनी दोन्ही हातांत पिळत धरला होता. बडनेऱ्याला आमच्या विहाराच्या शेजारी माझं घर आणि गल्ली ओलांडली की त्यांचं. रेल्वेत ट्रॅकमन होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली. बायको गेली, लेक तेल्हाऱ्याला दिलेली. घरात ते आणि लोको. यार्डात रुळांच्या बाजूला सापडलेलं पिल्लू, म्हणून नाव लोको. येणं-जाणं असलेले आम्ही तीस वर्षांचे शेजारी. जात वेगळी, सणवार वेगळे, पण चहा एकच.

सकाळी रक्ताचा रिपोर्ट बघून मॅडमनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं होतं. मॅडम रागीट आहेत, पण समजावतात मात्र जीव लावून.

"हे बघा काका, खाल्लेलं अन्न आतड्यातून रक्तात येतं. ते रक्त आधी लिव्हरमध्ये जातं, तिथं गाळलं जातं आणि मग पुढं हृदयाकडे. याच्या पोटात कुठंतरी आडवाट पडली असावी. रक्त लिव्हरला टाळून परस्पर पुढं जातंय. न गाळलेली घाण डोक्यात चढते. म्हणून हा जेवला की झिंगतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो."

"म्हंजे बायपास रस्ता पडला म्हना की," पंजाबभाऊ म्हणाले.

"अगदी बरोबर."

"मंग थो रस्ता बंद नाई करता येत?"

"एकच असेल तर येतो. काही कुत्र्यांना जन्मापासूनच तशी एक जास्तीची नस असते. ऑपरेशन करून ती बांधतात. इथं होत नाही, नागपूरला किंवा मुंबईला न्यावं लागेल. बहुतेक जनावरं चांगली होतात मग."

"आन एक नसन तर?"

मॅडम म्हणाल्या, "एक नसून बऱ्याच बारीक बारीक असतील, तर ते जन्माचं नाही. म्हणजे लिव्हरच खराब होऊन कडक झालंय. रक्ताला आत शिरायला जागा नाही, म्हणून ते मिळेल तिथून वाटा काढतंय. त्या बांधता येत नाहीत. बांधल्या तर कुत्रं टेबलावरच जाईल. अशा वेळी फार काही हातात राहत नाही, काका."

पंजाबभाऊंनी त्यात एकच प्रश्न ऐकला: लोको जगतो की मरतो. मी दोन ऐकले. एक नस असली, तर तो जन्माचा दोष. त्यात कुणाची चूक नाही. अनेक असल्या, तर कुणीतरी त्याचं लिव्हर जाळलं होतं. आणि तो कुणीतरी मीच होतो.

सांगून टाकतो. लपवायचं ते सगळं लपवून झालंय.

बडनेऱ्यात आमच्या गल्लीत मला डॉक्टर म्हणतात. शेळी फुगली, बोलवा डॉक्टरले. मांजरीला कुत्र्यानं धरलं, बोलवा डॉक्टरले. अकोल्याची सातची गाडी पकडायची असायची मला, पण जाता जाता लोकांची जनावरं बघायचो. खरं सांगू? गोड वाटायचं. दवाखान्यात दिवसभर "देवराव, धरा" आणि "देवराव, पुसा" ऐकून आलेल्या माणसाला गल्लीत कुणी डॉक्टर म्हटलं की दोन इंच उंची वाढते. बायको म्हणायची, "तुमाले काई येते का त्यातलं?" मी म्हणायचो, "तुले काय समजते?"

अडीच वर्षांपूर्वी लोकोला पहिला झटका आला. संध्याकाळची वेळ, पंजाबभाऊ धावत आले. लोको अंगणात आडवा, पाय सायकल चालवल्यासारखे, तोंडाला फेस. कुणीतरी ओरडलं, "पिसाळलं! दूर व्हा!" शेजारचा एक जण काठी घेऊनच आला होता. मी पुढं झालो, मान धरली आणि म्हणालो, "पिसाळलं नाई, फेफरं हाय." दोन मिनिटांत कुत्रं शांत झालं. सगळी गल्ली माझ्याकडे बघत राहिली. पंजाबभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुनं वाचवला रे देवराव," ते म्हणाले.

तिथंच थांबायला हवं होतं. अकोल्याला घेऊन चला, एवढंच सांगायचं होतं. पण मी सांगितलं, "एक गोयी हाये, मी आनतो." दवाखान्यात झटक्याच्या कुत्र्यांना कोणती गोळी लिहितात हे मला तोंडपाठ. माणसांचीच गोळी ती. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून पाकीट आणलं. दिली. झटके बंद! वर्षभर एक झटका नाही. पंजाबभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले.

मग पुन्हा झटके सुरू झाले. मी गोळी वाढवली. मग लोको सुस्त राहायला लागला. मी म्हणालो, गोळीनं होते तसं. मग तो जेवण झालं की तोंडातून लाळ गाळायचा, गोल गोल फिरायचा, भिंतीशी जाऊन डोकं टेकवून उभा राहायचा तासभर. मला वाटलं, हाही झटक्याचाच प्रकार. अजून वाढवली. पंजाबभाऊ त्याला ताकद यावी म्हणून बाजारातून कलेजी आणून खाऊ घालायचे, अंडी द्यायचे, आणि तो अजूनच झिंगायचा. आणि मी? मी अजून अर्धी.

त्या गोळीवर कुत्रं असलं की सहा-सहा महिन्यांनी रक्त तपासायचं असतं, लिव्हर बघायचं असतं. हे मला माहीत नव्हतं का? मॅडम दर वेळी मालकाला सांगतात, तेव्हा कुत्रं धरून मीच तर उभा असतो! हजार वेळा ऐकलेलं वाक्य. पण ते लोकांच्या कुत्र्यांसाठी असतं असं आपल्याला वाटतं. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला कसलं रक्त तपासायचं, आपण आहोत ना! एवढी माझी अक्कल.

पोट फुगलं तेव्हा माझे डोळे उघडले. व्हॅन ठरवली आणि मूर्तिजापूरवरून अकोल्याला आणलं. केसपेपर मीच भरून घेतला. 'आधीची औषधे' असा एक रकाना असतो. त्यापुढं मी आडवी रेघ ओढली. पंजाबभाऊ माझ्या खांद्यावरून बघत होते.

मी देव मानत नाही. विहारात जातो, वंदना म्हणतो, मागत कधी काही नाही. त्या अंधाऱ्या खोलीत लोकोचे पाय धरून मी पहिल्यांदा मागितलं. कुणाकडं ते ठाऊक नाही. एकच नस असू दे. जाडी, वाकडी, कसलीही असू दे, पण एकच.

मॅडमनी बरगड्यांच्या मधल्या फटीत तो हातातला दांडा टेकवला. "लिव्हर केवढंसं झालंय बघा," त्या मागं उभ्या असलेल्या पोरांना म्हणाल्या. पडद्यावर मला दिसत होतंच. एवढ्या कुत्र्याचं लिव्हर मुठीएवढं, आणि कडा ओबडधोबड. भोवती काळं पाणी.

"श्वास जरा शांत करा त्याचा, देवराव."

मी अंगठ्यानं लोकोच्या कपाळावर खालून वर चोळत राहिलो. त्याला ते आवडायचं. श्वास लांब झाला. मॅडमनी रंगाचं बटण दाबलं. या बटणानं रक्त वाहताना दिसतं: दांड्याकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं. मोठ्या नसेत बरंच शोधलं. बाहेरची नस येऊन मिळाली असेल तर तिथं रंगांचा एक भोवरा दिसतो, दोन-तीनदा पाहिलाय मी तो. ती नागपूरला गेलेली कुत्री बरी होऊन परत दाखवायला आली होती. मी त्या भोवऱ्याची वाट बघत होतो. लिव्हरच्या तोंडाशी नाही. पोटाजवळ नाही. मला धीर येत होता आणि जातही होता.

"आता डावं मूत्रपिंड बघू. जरा उताणा करा."

मी लोकोला पाठीवर घेतलं. मॅडमनी दांडा खाली सरकवला, आणि पडद्यावर ते आलं. आधी एक लाल ठिपका. मग निळा. मग लाल, निळा, लाल, सगळीकडे. पावसात तूर उपटली की मुळांचा कसा गुंता हातात येतो, तसा बारीक वाकड्या नसांचा गुंता मूत्रपिंडाभोवती पसरला होता. मी मोजायला लागलो. पाच. सात. नवाच्या पुढं मला मोजता आलं नाही, कारण चित्र हलायला लागलं.

"देवराव, चित्र हलतंय."

लोको नव्हता हलत. माझे हात हलत होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मॅडमनी दांडा उचलला, फोटो साठवले आणि दिवा लावला. पंजाबभाऊंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"एक नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "बऱ्याच आहेत. लिव्हर संपत आलंय."

"बरं," पंजाबभाऊ म्हणाले.

"पण साडेचार वर्षांच्या कुत्र्याचं लिव्हर असं कशानं झालं?" मॅडमनी केसपेपर उचलला. "औषध काहीच नाही असं लिहिलंय. हे पटत नाही मला. याला झटके येत होते म्हणालात ना? झटक्याची गोळी दिली होती का कधी?"

बोलायचं होतं मला, शपथ सांगतो. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात पंजाबभाऊंनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांचं अर्धं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"हे देत होतो जी. मीच आनली मेडिकलवून."

"कुणी लिहून दिली?"

"कोनी नाई. बुधवारा मोहल्ल्यातल्या एका मानसाच्या कुत्र्याले चालू होती, त्याले पाहून मीबी आनली."

"किती वर्षं?"

"दोन झाले असतीन."

मग मॅडम जे सुटल्या! माणसाची गोळी कुत्र्याला? कुणालाही न विचारता? वाढवत नेली? रक्त एकदाही तपासलं नाही? "तुम्ही स्वतःच्या हातानं मारलंत त्याला, कळतंय का तुम्हाला?" पोरं माना खाली घालून उभी. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या शेजारी देवराव राहतात. इतकी वर्षं या दवाखान्यात आहेत. निदान त्यांना तरी विचारायचं!"

"चुकलं जी माहं," पंजाबभाऊ म्हणाले. दुपट्टा त्यांनी खांद्यावर टाकला आणि हात जोडले.

आणि मी लोकोला धरून उभा होतो. मला काय वाटलं ते सांगतो, लाज सोडून सांगतो: माझा जीव भांड्यात पडला. आधी तेच. शरम मागून आली.

व्हॅनमध्ये लोको आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा होता. बोरगाव मागे पडलं. मग मीच म्हणालो, "काहून असं बोल्ले तुमी?"

"कसं?"

"गोयी मी देल्ली होती, भाऊ."

"मले काय मालूम नाई का?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. बाहेर वेचणीला आलेला कापूस दोन्ही बाजूंना पांढरा झाला होता. "तुही रिटायरमेंट चौदा महिन्यावर आली. त्या बाईनं लिहून पाठोलं असतं वर तं? चौकशी लागली असती, पेन्शन अटकली असती. माहं काय, मले कोन सस्पेंड करते आता?" आणि ते हसले. खरंच हसले.

"पन भाऊ..."

"तुनं काय जानूनबुजून देल्ली का? लोकोचं भलंच पाह्यत होता ना तू? मंग झालं तं. या गोष्टीवर आता बोलाचं नाई."

मी आभारसुद्धा मानले नाहीत. कोणत्या तोंडानं मानायचे?

मॅडमनी पातळ औषध दिलं होतं, गोळी हळूहळू बंद करायला सांगितली होती, मांस-अंडी वर्ज्य. पंजाबभाऊ भात आणि मुगाचं पाणी करायचे, वेळच्या वेळी औषध पाजायचे. मधले दहा-बारा दिवस लोको बरा दिसला. शेपटी हलवायला लागला, एकदा तर फाटकापर्यंत आला माझ्यासाठी. मलाच भेटायला यायचं होतं त्याला! मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

मग पोट पुन्हा भरलं. दोनदा अकोल्याला नेऊन पाणी काढलं, तिसऱ्यांदा पंजाबभाऊ नाही म्हणाले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी चारच्या सुमाराला, ओट्यावर उन्हात पडल्या पडल्या लोको गेला. मी घरीच होतो. पंजाबभाऊंनी ट्रॅकवर घालायचं त्यांचं जुनं नारिंगी जाकीट काढलं आणि त्यात त्याला गुंडाळलं. रुळांच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली आम्ही खड्डा केला. काळी जमीन, वरून सुकलेली आणि आतून चिकट, कुदळ अडकत होती. मी खणायला लागलो तर त्यांनी कुदळ माझ्या हातून घेतली नाही, आणि अडवलंही नाही. माती लोटून झाल्यावर म्हणाले, "चाल, हातपाय धू." बस, एवढंच.

जानेवारीत पोरांची नवी तुकडी आली. पडद्याच्या खोलीत वर्ग भरला. मी दाराजवळ उभा होतो, एक धडधाकट कुत्री घेऊन. पोरांना दाखवायला लागते. मॅडमनी पडद्यावर फोटो लावला आणि मी तो पहिल्या नजरेत ओळखला. लाल, निळा, लाल. कुणाच्या पोटातला गुंता आहे हे मला सांगायला नको होतं.

"हे बघा, नंतर तयार झालेल्या वाटांचं इतकं स्पष्ट चित्र तुम्हाला पुस्तकातही मिळणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मालक अडाणी. मनानंच दोन वर्षं झटक्याची गोळी देत होता, वाढवत होता."

खुशी नावाची एक मुलगी पुढं बसली होती. "असं कोणी कसं करू शकतं, मॅडम? काहीच कसं वाटत नाही या लोकांना?"

काहीच कसं वाटत नाही! माझ्या डोळ्यांसमोर ते जोडलेले हात आले. पंजाबभाऊ दहावी नापास आहेत, पण चाळीस वर्षं रुळाचा एकेक बोल्ट हातोडीनं वाजवून बघितलेला माणूस आहे. रोज हजारो लोक त्यांच्या हातोडीवर भरवसा ठेवून गेले. तो अडाणी?

"मॅडम," मी म्हणालो, "त्यांनी नाही दिली. ती गोळी मी दिली होती."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मॅडमचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "कुत्रीला बाहेर न्या, देवराव," त्या म्हणाल्या.

वर्ग संपल्यावर त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता कागद मागतील, जबाब घेतील. मी तयार होतो. खरं तर मला ते हवं होतं. त्यांनी दार लावलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "तुम्ही जे बोललात ते मी ऐकलेलं नाही. पोरांना सांगितलंय, शेजारी म्हणून देवरावांना वाईट वाटतं, म्हणून बोलले. वर्ष राहिलंय तुमचं. नीट काढा आणि घरी जा."

"पण मॅडम, ते अडाणी नाहीत हो."

"ती केस बंद झालीय, देवराव. कुत्रं गेलंय. आता कुणाचं नाव लागलं यानं काय फरक पडतो?"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीचा वर्ग होता. तोच फोटो. तेच वाक्य. फक्त बोलताना त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी बडनेऱ्याला उतरलो तो घरी न जाता सरळ पंजाबभाऊंकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. मला बघून नेहमीसारखे आत गेले, चहा टाकला, दोन कप घेऊन आले. मी घोटभर प्यालो आणि सांगून टाकलं, वर्गात काय झालं आणि मी काय बोललो ते.

त्यांनी कप खाली ठेवला. "सगळ्याइसमोर सांगतलं?"

"हो."

"मंग? काय झालं?"

"काई नाई झालं. मॅडम म्हन्ल्या, चूप राहा. फोटो दाखोतात आन तुमालेच अडानी म्हनतात, अजूनबी."

"मंग सांगतलं कायले?"

"राहवलं नाई भाऊ."

ते समोरच्या रुळांकडे बघत राहिले. एक मालगाडी गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले राहवलं नाई."

मी हातातल्या कपात बघितलं.

"मले राहवलं ना, देवराव. माहा कुत्रा मेला, मले राहवलं. त्या बाईनं पोरापोरींसमोर मले नाई नाई ते बोल्लं, थेबी राहवलं. गोयीचं पाकीट पाह्यलं का रोज मस्तक फिरे, वाटे का तुही मानगूट धरावी. पन नाई धरली. म्हन्लं, आपला मानूस हाय, त्याच्यासाठी येवढं एक काम आपल्या हातून झालं, थे तरी राहू दे." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "थेबी तुनं ठेवलं नाई. सोताचं मन हलकं कराले गेला, आन थेबी नाई झालं तुह्याच्यानं."

मी म्हणालो, "चुकलं भाऊ."

"चहा पी. थंडा होऊन राह्यला," ते म्हणाले आणि उठून आत गेले. दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, नुसतं लोटलं.

चहा निवला होता. तो तसाच संपवला. थोडा वेळ बसलो. आत भांड्याचा आवाज नाही, खोकल्याचा नाही, कसलाच नाही.

माझा बाप दर्यापूरकडच्या एका खेड्यात लोकांच्या दारात चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून कडेला पालथा ठेवायचा. ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पंजाबभाऊंच्या घरात ती पाळी माझ्यावर तीस वर्षांत कधी आली नाही. त्यांची बायको असताना नाही, ती गेल्यावरही नाही. एखादे वेळी मी आपला उगाच कप घेऊन नळाकडे वळलोच, तर आतून पंजाबभाऊ ओरडायचे, "ठेव बे तो कप! लाज आनतं का मले?"

मी कप उचलला आणि अंगणातल्या नळाशी गेलो. नळ सोडला, कप विसळला, बोटानं आतून फिरवून पुन्हा विसळला. नळ बंद करून कान देऊन उभा राहिलो. आतून काही आलं नाही. मग ओट्याच्या कडेला कप पालथा ठेवला आणि घरी आलो.